लिफ्टमधले आठ सूर

आमच्या इमारतीला तळघर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मधल्या काळात चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी आपण लिफ्टने तिथे जाऊन आलो असं मला शपथेवर सांगितलं आहे. बटण तळमजल्याचं दाबलं, दारावरच्या आकड्यानेही तळमजला आल्याचं कबूल केलं, आणि तरी लिफ्ट खाली जातच राहिली, असं त्यांचं म्हणणं. दार उघडलं तर समोर नेहमीचा वॉचमन आणि नेहमीच्या पत्रपेट्या. पण वॉचमन आपल्याकडे ओळख नसल्यासारखा बघतोय असं पाचव्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, आणि त्या दिवसापासून त्या जिन्याने ये-जा करू लागल्या. काकूंचे गुडघे, सोसायटीची अब्रू आणि माझ्या बायकोचा गळा या तिन्ही गोष्टी एकदम पणाला लागल्या त्याला कारण मी. माझा हेतू मात्र अत्यंत शुद्ध होता.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. वाण्याचा तराजू, पेट्रोलपंपाचं माप, कापडवाल्याची मीटरपट्टी, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. किलो म्हणजे किलो. तो गिऱ्हाइकाच्या तब्येतीप्रमाणे बदलत नाही, या तत्त्वावर मी नोकरी काढली. गाण्यातलं मला काही कळत नाही. सूर लागला की नाही हे मी बायकोच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखतो.

बायको गाते. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात तिचा बायकांचा गायकवृंद आहे, आणि तो तिनेच उभा केलेला. तालीम सुरू होताना ती उजवा हात छातीशी आणून 'सा' देते, सगळ्याजणी तो उचलतात, मग आठ सुरांची एक ओळ घोटायची. सभागृहाला रंग लागत होता त्या वर्षी ही तालीम आमच्याच बैठकीत झाली, त्यामुळे ती ओळ मला भिंतीलाही पाठ असेल इतकी पाठ आहे. मग तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आवाज परत आला, पण जिथून गेला होता तिथे आला नाही. काळी पाचमध्ये गाणारी बाई, तिचा आवाज चांगला चार-पाच पट्ट्या खाली उतरून बसला. घरी आल्यावर तिने एकदाच स्वयंपाकघरात 'सा' लावून पाहिला आणि मागे वळून मला विचारलं, "अहो, हे कोण बोललं?" तिने ते गमतीने विचारलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच होतो, आणि माझ्याही अंगावर काटा आला.

त्यानंतर ती गायली नाही. सर्जन म्हणाले होते, "आवाजाला काही झालेलं नाही, त्याची जागा बदललीये. खालच्या जागी रोज गात राहिलात तर तिथे घर करेल. नाही गायलात तर आखडून बसेल, मग मी काही करू शकणार नाही." तिने सगळं ऐकून मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं की महिनाअखेरच्या रविवारपासून वृंद दुसरीच्या हाती द्यायचा. कीबोर्डवर खोळ चढली. मी म्हटलं, "अगं, खालच्या पट्टीत वाजवून बघ ना जरा." ती म्हणाली, "त्या पट्ट्यांवर बोट ठेवायचा धीर होत नाही. कोणीतरी मेल्याची बातमी आपणच टाइप करायची तसं वाटतं." मी वर्तमानपत्र उघडलं आणि ते उलटं धरलंय हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं.

कोणी बोट न ठेवता वाजेल असं काहीतरी हवं होतं. तिची आठ सुरांची ओळ आपोआप वाजत राहील, आणि एकच बटण फिरवलं की अख्खी ओळ जशीच्या तशी वर किंवा खाली सरकेल. तिचा गळा त्या दिवशी जिथे असेल तिथे ती ओळ जाऊन उभी राहील. ही कल्पना माझी. ती अमलात आणण्याचा रस्ता दाखवला तो मेव्हण्याने. मेव्हणा हा ज्याला प्रत्येक गोष्टीतलं थोडं येतं असा माणूस आहे, म्हणजे आपलं काम सुरू करून देण्याइतकं येतं. आमच्या मुलीने परगावी जाताना ठेवून दिलेल्या टॅबवर त्याने एक अ‍ॅप उतरवलं आणि म्हणाला, "भावोजी, यात वाद्य नसतं. वाद्याचे सुटे भाग असतात. वायरींनी जोडायचे. अगदी सोपं आहे." एवढं बोलून तो निघून गेला.

त्या अ‍ॅपची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती हे मी कोणाला सांगितलं नाही. पडद्यावर काळ्या पेट्यांची रांग, त्यांना भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात बोटाने ओढायच्या रंगीत वायरी. वायर सोडली की ती खाली लोंबायची आणि थोडा वेळ हलत राहायची. खोलीत वारा नाही, पंखा बंद, आणि काचेमागे वायर आपली हलतेय. मी टॅब टेबलावर सपाट ठेवला. तरी ती जमिनीकडे, म्हणजे माझ्याकडे, लोंबत होती.

पण खात्यात असताना मी याहून वाईट यंत्रं पाहिली आहेत. पहिली पेटी आठ बटणांची. एकेका बटणावर एकेक सूर ठरवायचा आणि पेटी ते क्रमाने वाजवत राहणार. मुलगी आईकडे गाणं शिकायची तेव्हाच्या जुन्या वहीतून मी सूर उतरवले. दुसरी पेटी बेरजेची. तिच्यात एकच बटण, ते खाली फिरवलं की आठही सुरांतून सारखंच वजा होणार. आणि तिसरी पेटी मला विशेष आवडली. ती सूर तपासायची. तिला सप्तक ठरवून दिलं की जो सूर त्यात बसत नाही त्याला ती ओढून जवळच्या मान्यताप्राप्त सुरावर नेऊन बसवत असे. म्हणजे आमच्याच खात्यातली. ही पेटी कुठे लावायची हा प्रश्नच नव्हता. माल तयार होतो, बांधला जातो, गाडीवर चढतो आणि तपासणी होते शेवटी, फाटकावर. मी तपासनिसाला रांगेच्या अगदी शेवटी बसवलं.

इथेच माशी शिंकली, पण ती मला ऐकू आली नाही. कोणत्याही गाणाऱ्याने सांगितलं असतं की आधी तपासा, मग सरकवा. मी सरकवून मग तपासत होतो. मूळ जागी ओळ बरोबर वाजायची. पण खाली सरकवली की तिचे सूर नव्या जागी जायचे आणि फाटकावरचा माझा तपासनीस त्यांना जुन्याच सप्तकाच्या मापाने मोजायचा. कुणाला वर ढकललं, कुणाला खाली दाबलं, दोघांना एकाच जागी कोंबलं. आठ सूर तेच, क्रम तोच, चाल तीच. पण ओळखीचं माणूस दारात उभं राहावं आणि त्याचे डोळे तेवढे दुसऱ्या कोणाचे असावेत तशी ती ओळ होऊन बसली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला ती ओळ फार भारदस्त वाटली होती.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा भारदस्त वाटली. टॅबचा आवाज अगदी बारीक होता, म्हणून मी स्पीकर जोडायला गेलो. यादीत नुसते आकडे असलेलं एकच नाव होतं, ते दाबलं. 'जोडले' असं उत्तर आलं. आमच्या कपाटात मुलीचा एक जुना स्पीकर आहे, तोच हा अशी माझी खात्री. आणि खरंच, थोड्या वेळाने कपाटाच्या मागून, भिंतीच्या आतून म्हणा ना, सूर येऊ लागले. लांबून, खोलातून, जवळ येत, पुन्हा खाली जात. मी कपाटाच्या दाराला कान लावून ऐकलं. आवाजाला असं गूढ अंतर देणारी एक पेटी त्या अ‍ॅपमध्ये असते असं मेव्हण्याने सांगितलं होतं. ती आपल्याकडून नकळत लागलेली दिसते, असं समजून मी स्वतःवर खूष झालो. बायको दुपारी फिरायला जायची, कारण घरी असली की कोणीतरी येऊन "आवाज कसा आहे आता?" विचारायचं. ती गेली की मी दार लावून रोज बटण थोडं थोडं खाली आणत होतो. रविवारच्या आत तिची नवी जागा सापडायला हवी होती.

आमच्या कपाटामागच्या भिंतीपलीकडे लिफ्टचा उभा बोगदा आहे हे मला माहीत होतं. पण आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर. माझ्या खिजगणतीत लिफ्ट नव्हतीच.

त्या सुमारास आमच्या सेक्रेटरीने लिफ्टच्या छताला स्वतःच्या हाताने एक स्पीकर चिकटवला होता, मजल्यांची नावं प्रेमळ आवाजात ऐकू यावीत म्हणून. सेक्रेटरीला आम्ही ठराव म्हणतो. कोणी शिंकलं तरी ते त्यावर ठराव करतात. स्पीकरने मजल्यांची नावं कधीच सांगितली नाहीत. त्याऐवजी लिफ्ट खालच्या मजल्यांजवळ, म्हणजे माझ्या खोलीजवळ आली की त्यातून आठ सूर येऊ लागत आणि पुन्हा पुन्हा येत. माणसं खाली जातायत, आणि नेमकं त्याच वेळी मी पलीकडे बसून बटण खाली फिरवतोय. लिफ्ट थांबली तरी सूर उतरतच आहेत. आता अशा वेळी पाय सांगतात थांबलो आणि कान सांगतात अजून जातोय. माणूस अशा वेळी कानाचं ऐकतो.

पहिली तक्रार घेऊन आल्या त्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. बाई अतिशय शांत. शांतपणे सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सरकारी खात्यात होतात म्हणून विचारते. माझे पेशंट गुणगुणतात."

"बरं आहे की. म्हणजे दुखत नाही."

"तोंड उघडं असताना गुणगुणतात. तोंडात आरसा, नळी, माझा हात. आणि घशातून हे येतं." बाईंनी ते करून दाखवलं. आठ सूर. "मी विचारलं, काय गाताय? तर म्हणतात, कोण, आम्ही? काल एकाला पूर्ण भूल दिलेली होती. त्याचा जबडा माझ्या हातात होता, हलत नव्हता. तरी येत होतं."

मी त्यांना पाणी दिलं. आठ सूर ऐकून मला शंका यायला हवी होती, पण आधी सांगितल्याप्रमाणे मला सूर ओळखता येत नाहीत. नुसते आठ होते एवढं कळलं, आणि आठ तर पुष्कळ गोष्टी असतात. मी त्यांना इमारतीच्या पाण्याची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला. त्या निघाल्या, आणि चपला घालताना वाकल्या तेव्हा त्यांच्याकडून ते बारीक आवाजात येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

मग सल्ल्यांना ऊत आला. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरांनी सांगितलं की पाया खचतोय आणि इमारत आवाज करतेय. काकूंनी सांगितलं की ही ओळ त्यांची आई भांडी घासताना म्हणायची, शब्दसुद्धा होते, फक्त आठवत नाहीत. ओव्हरसियर म्हणाले, शक्य नाही, ही आमच्या शाळेची घंटा झाल्यावरची प्रार्थना. दोघांचं यावरून जिन्यात चांगलंच वाजलं. पोस्टमन म्हणाला की तो सैन्यात असताना पलीकडच्या छावणीतून संध्याकाळी हेच यायचं. मी पैजेवर सांगतो की ही ओळ माझ्या बायकोने आमच्या लग्नानंतर, बैठकीतल्या खुर्चीवर बसून रचली. पण प्रत्येकाला ती आपल्या लहानपणची वाटत होती, आणि प्रत्येकाला तिच्यात काहीतरी चुकतंय हेही वाटत होतं. काय चुकतंय ते आठवण्यासाठी माणसं पुन्हा म्हणून बघत. त्यामुळे ती पसरत गेली.

ठरावांनी लिफ्टकंपनीला कळवलं. कंपनीचा मेकॅनिक दुपारी आला, लिफ्टच्या टपावर बसून वरपासून खालपर्यंत गेला आणि घाम पुसत बाहेर आला. "मशीन ओके आहे," तो म्हणाला. ठराव म्हणाले, "मग खाली जाते कुठे?" तो म्हणाला, "खाली जायला जागाच नाहीये साहेब. खाली नुसता खड्डा आहे, माझ्या कमरेइतका." त्याने कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, सही केली, आणि सही करताना त्याच्या ओठांतून ते सुरू झालं. ठरावांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'लिफ्टमध्ये गुणगुणू नये. गुणगुणताना आढळल्यास जिन्याचा वापर करावा. तळमजल्याच्या खाली जाणे सोसायटीच्या नियमांत बसत नाही.' सूचना चिकटवून होईपर्यंत ठराव स्वतःच ती ओळ दोन-तीनदा म्हणाले. त्यांच्या मागे मी उभा होतो म्हणून मला माहीत.

शनिवारी मेव्हणा आला. तो लिफ्टने आला, पहिल्या मजल्यासाठी. त्याचा स्वभावच तसा. दारात उभा राहिला तो पांढरा पडून. माझ्या हातात टॅब होता आणि बोट बटणावर. मी बोट थांबवलं. मेव्हण्याने मागे लिफ्टकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

"भावोजी, ते पुन्हा फिरवा."

मी फिरवलं. उघड्या लिफ्टमधून ओळ आणखी खाली गेली.

"तुमचा तो लांबचा, गूढ आवाज," मेव्हणा म्हणाला, "तिकडे फार जवळून येतोय हो."

हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं धरली आणि स्वतःचा स्पीकर कुठला ते एकदा कपाट उघडून बघितलं नाही. आम्ही दार लावून घेतलं. मेव्हण्याने जोडणी तोडली, तपासनिसाची चूकही त्यानेच काढली आणि त्यावर हसायला त्याला बराच वेळ लागला. मी सगळ्या वायरी काढल्या, पेट्या पुसून टाकल्या, टॅब बंद करून कपड्यांच्या खाली ठेवला. ठरलं की कोणाला काही बोलायचं नाही. सूर थांबले की दोन दिवसांत लोक विसरतील.

सूर थांबले. लोक थांबले नाहीत. लिफ्ट आता मुक्याने वर-खाली जात होती, पण आत उभी असलेली माणसं म्हणत होती, एकेकटी, आपापल्या पट्टीत, दार उघडलं की गप्प होऊन. मी जिन्यात उभं राहून ऐकलं. जिन्यातल्या काकूंचा वर, ओव्हरसियरांचा खाली, वॉचमनचा त्याहून खाली. मी केलेलं यंत्र एका बटणाने एकच ओळ सरकवत होतं. आता ती अख्ख्या इमारतीत प्रत्येक उंचीवर एकदम चालू होती, आणि तिचं बटण कुठेच नव्हतं. चूक मात्र सगळ्यांची सारखी. माझीच चूक, घाऊक मापात. मला तिथे जिन्यात पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली.

घरी आलो तर बायको खिडकीशी बसली होती. वाचनालयाच्या सभागृहाची किल्ली समोर टेबलावर. मी म्हटलं, "चहा टाकू?" ती म्हणाली, "बसा जरा."

मी बसलो.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझे कानही गेले बहुतेक."

"म्हणजे?"

"गेले काही दिवस मला आपली ओळ ऐकू येते. आपली, तालमीची. जिन्यात, भिंतीतून, कोपऱ्यावरच्या माणसांच्या तोंडून. आणि ती चुकीची येते. चौथा सूर दबलेला, सहावा सातव्यावर बसलेला. इतकी सगळी माणसं तर चुकणार नाहीत ना? मीच चुकीचं ऐकतेय." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती, त्या खालच्या आवाजात. "आवाज गेला तेव्हा म्हटलं, जाऊ दे, कान आहेत. शिकवता तरी येईल. आता तेही नाही. उद्या सोसायटीची मीटिंग आहे, तिच्यानंतर किल्ली देऊन टाकते, आणि गाण्याचं नाव पुन्हा घरात नको."

इकडे आड, तिकडे विहीर. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण वजनमाप खात्याचा निवृत्त निरीक्षक, सोसायटीतला एकमेव माणूस ज्याच्याकडे लोक वादात निवाडा मागायला येतात, त्याने हे सगळं केलं, आणि तेही कपाटाला कान लावून स्वतःवर खूष होत केलं, हे वाक्य घशातून वर येईना. "कानाचे डॉक्टर आहेत चांगले," असं काहीतरी मी बोललो. तिने किल्ली पदराला पुसली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

रविवारी दुपारी तळमजल्यावर लिफ्टसमोर सभा भरली. खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत दिवे लावावे लागले होते. ठरावांनी विषय मांडला: इमारतीतील अज्ञात गुणगुण. ते म्हणाले, "प्रथम ती नेमकी कोणती ओळ, याची नोंद व्हावी. कोणीतरी म्हणून दाखवा."

कोणी म्हणेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. आणि मग कुठून सुरू झालं देव जाणे, पण सुरू झालं. ओठ कोणाचेच हलत नव्हते. काकू, डॉक्टरीणबाई, ओव्हरसियर, वॉचमन, ठराव, प्रत्येकजण वेगळ्या जागेवरून तेच आठ सूर, एकमेकांवर आपटत, पुन्हा पुन्हा. आवाज भिंतींना लागून परत येत होता. एक छोटं मूल आईच्या मांडीवर झोपलं होतं. तेही झोपेत म्हणत होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट धरलं, तरी थांबेना. मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते आणि कानांवर हात ठेवले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर मी आजारपणातसुद्धा पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं.

माझी अब्रू गेली खड्ड्यात. मी खुर्चीवर उभा राहिलो.

"हे मी केलंय!" मी ओरडलो. "लिफ्टमध्ये मी वाजवत होतो. चुकून. यंत्र करत होतो हिच्यासाठी, आणि ते चुकीचं केलं. ओळ चुकीचीच होती. अगं, तुझे कान चांगले आहेत! चुकलंय ते आमचं, तुझं नाही!"

आवाज थांबला नाही. पण तिने कानांवरचे हात काढले.

"चौथा दाबला तुम्ही?" तिने विचारलं.

"चौथा दाबला. सहावा सातव्यावर बसवला. शेवटी तपासणी लावली मी."

"शेवटी?" ती म्हणाली. "शेवटी कोणी लावतं का? अहो, एवढी वर्षं घरात गाणं ऐकताय तुम्ही." आणि तिच्या कपाळावर आठी पडली. त्या आठीइतकी सुंदर गोष्ट मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

ती उठली. गर्दीतून वाट काढत लिफ्टच्या दारापाशी गेली, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात छातीशी आणला. मग तिने 'सा' दिला. त्या खालच्या, जाड, कोणाच्याच ओळखीच्या नसलेल्या आवाजात दिला. तिने सूर सोडला नाही, धरून ठेवला, आणि एकेक माणूस आपली जागा सोडून त्यावर उतरू लागलं. काकू वरून खाली आल्या. वॉचमन खालून वर आला. ठराव सर्वांत शेवटी आले. सगळी गुणगुण एका जागी आली तेव्हा माझ्या पायांखालची फरशी कापत होती, आणि यात अतिशयोक्ती नाही, ओव्हरसियर साक्षीला आहेत.

"आता ओळ," ती म्हणाली. "माझ्यामागून. चौथा सूर मोकळा सोडायचा."

तिने आठ सूर म्हटले. बरोबर. मला कळत नाही, तरी मला कळलं. लोकांनी म्हटले. चौथ्यावर काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हे बघा, हेच, आई हेच म्हणायची," त्या कुजबुजल्या, आणि ओव्हरसियरांनी या वेळी वाद घातला नाही. पुन्हा एकदा म्हटलं, आणि शेवटच्या सुरावर तिने हात खाली केला. सगळे एकदम थांबले.

एक आवाज थांबला नाही. तो तिच्या मागून येत होता, लिफ्टच्या बंद दाराच्या आतून, बराच खालून. आकडा तळमजला दाखवत होता. स्पीकर तर मेव्हण्याने कालच, नुसतं 'बिघडलाय' एवढंच सांगून, काढून ठरावांच्या हातात दिला होता. तो आत्ताही ठरावांच्या मांडीवर होता. आतला आवाज आपला सावकाश, तिच्याच पट्टीत, ओळ पुढे नेत होता. जिन्यावरची माणसं हळूहळू उठून उभी राहिली. ठरावांच्या हातातला कागद खाली पडला.

बायकोने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तालमीत उशिरा येणाऱ्या बाईला बोलते त्याच स्वरात ती म्हणाली, "मागे कोण राहिलंय? हात खाली केला की थांबायचं."

थांबलं ते.

तिने क्षणभर वाट पाहिली, कमरेला खोचलेली सभागृहाची किल्ली चाचपली, आणि हात पुन्हा छातीशी आणला. "चला," ती म्हणाली, "आता आणखी एक पट्टी खाली," आणि आम्ही सगळे तिच्यामागून खाली गेलो.